एकदा उघडलेलं पेव

मी माझ्या आईबापांचा खून केला असं कोर्टाने ठरवलं, तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. प्रकार घडला तेव्हा सोळा. सोळा पूर्ण झाली आणि गुन्हा घोर असला की पोराला मोठ्या माणसाच्या मापाने मोजायची कायद्यात सोय आहे. म्हणजे मत द्यायला मी लहान, लग्नाला लहान, पण जन्मठेपेला अगदी बरोबर मापाचा.

माझं नाव पार्श्व सुकुमार मगदूम. हे सगळं मी कुणाला कीव यावी म्हणून सांगत नाही. कीव पोरांच्या सुरक्षागृहात, म्हणजे आमच्या तुरुंगात, रोज मिळायची, तिथल्या वरणासारखी, पातळ. मला राग आलेला आहे, तो सांगतो.

आमचं गाव कृष्णाकाठचं, हळदीचं. हळद साठवायला आमच्याकडे पेव असतं. जमिनीत खोल खणलेला एक प्रचंड रांजणच समजा. पोट एवढं की ट्रकभर हळद मावावी, आणि तोंड एवढंसं की माणसाने खांदे आवळून उतरावं. आत उसाचा पाला लावायचा, हळद ओतायची, वर फरशी ठेवून चिखलमातीने तोंड लिंपायचं. आत हवा नाही, म्हणून कीड नाही. मध्यंतरी लोकांनी पेवं बुजवून शीतगृहं बांधली होती. मग विजेचे दर असे चढले की शीतगृहातली हळद म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आम्हा जैनांच्या तोंडी ही म्हण शोभत नाही, पण दुसरी सुचत नाही. माळावर पुन्हा पेवं खणली गेली, आणि त्यात पहिली माझ्या पप्पांची होती.

हवा नसलेल्या खड्ड्यात माणूस उतरला तर मरतो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून पेव पहिल्यांदा उघडलं की दिवसभर तसंच ठेवतात, मग दोरीने कंदील सोडतात. कंदील विझला तर कुणी पाय टाकत नाही. पण एकदा का अर्धी हळद निघाली की कंदील खुंटीला जातो. मग भाव पडला म्हणून तोंड पुन्हा लिंपलं आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा उघडलं, तरी कुणी थांबत नाही. ‘एकदा उघडलेलं पेव चावत नाही,’ असं म्हातारी माणसं सांगतात, आणि इतर कुठलीही गोष्ट न ऐकणारी तरुण माणसं ही मात्र ऐकतात.

त्या आश्विनात पप्पांनी असंच एक अर्धं पेव पुन्हा उघडलं. फरशी आम्ही दोघांनी पहारीने उचलली. आदल्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. मला गोव्याला समुद्रशास्त्र शिकायला जायचं होतं. पप्पा म्हणाले, हळदीच्या घरात जन्मून खाऱ्या पाण्यात काय शोधणार? मी ओरडलो होतो, “मरा तुम्ही त्या पेवात!” सगळ्या गल्लीने ऐकलं. सोळाव्या वर्षी ज्याने असलं एकही वाक्य आईबापांना ऐकवलं नाही, त्याने हात वर करावा.

मम्मी आधी उतरली. ती अंगाने बारीक, पोती भरायला तीच उतरायची. ती खाली गेली आणि काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. पप्पा “त्रिशला, त्रिशला” करत शिडीने उतरले. अर्ध्या शिडीवर त्यांचे हात सुटले. तेवढ्यात भरतेशकाका, पप्पांचे धाकटे भाऊ, शेडमधून धावत आले. “दादा!” म्हणून ओरडले आणि शिडीला हात घातला. मी त्यांना मागे ओढलं. ते माझ्या दुप्पट. त्यांनी मला झटकून टाकलं आणि एक पाय आत सोडला. माझ्या हाताशी पहार होती. मी ती त्यांच्या दुसऱ्या पायाच्या नडगीवर घातली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. ते आडवे झाले तसा मी त्यांच्या छातीवर बसलो आणि बोंब ठोकत राहिलो. लोक येईपर्यंत मी उठलो नाही.

लोकांनी आल्यावर जे पाहिलं ते असं: आईबाप खाली, चुलता लंगडा, आणि पोरगा पहार घेऊन त्याच्या छातीवर.

पहिल्या खटल्यात गावच्या मातब्बर हळदवाल्यांनी शपथेवर सांगितलं, की उघडलेल्या पेवातली हवा खराब होत नसते. मग माणसं मेली कशाने? गोदामात किडीसाठी धुरीच्या गोळ्या होत्या, ओल लागली की त्यांतून विषारी वायू सुटतो. त्यांची एक नळी कमी भरली. केव्हापासून कमी होती हे कुणालाच माहीत नव्हतं, पण सापडलं ते सापडलं. पोराने भांडणाच्या रागात गोळ्या टाकल्या, आईबाप आत गेले, चुलता वाचवायला आला तर त्याचा पाय तोडला. गणित कसं सुटसुटीत! काका कुबड्या घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, “मी दादाला वर काढलं असतं. ह्यानं काढू दिलं न्हाई.” कोर्टात माणसं रडली. मीही रडलो, पण आरोपीचं रडणं धरत नाहीत.

मी आत असतानाच थरवाचक नावाचं यंत्र आलं.

डॉ. चारुता बेलवलकर मातीतल्या जिवाणूंचा अभ्यास करतात. त्यांचं म्हणणं ऐकायला सोपं होतं. ओलसर मातीच्या भिंतीत जिवाणूंच्या शेकडो जाती दाटीवाटीने राहतात. हवा असली की एक टोळी जागी असते. हवा संपली की ती झोपते आणि दुसरी उठते. ही दुसरी टोळी हवेऐवजी मातीतल्या लोहावर भागवते आणि पिठीपेक्षा बारीक चुंबकीय कण मागे टाकते. पुन्हा हवा आली की पहिली टोळी त्यांच्यावर आपला थर चढवते. दूध जितक्या वेळा तापवावं तितक्या वेळा साय धरतं, तसंच हे. भिंतीचा बोटभर तुकडा काढून यंत्रात घातला की ते एकेक थर सोलून वाचतं आणि सांगतं, की इथली हवा केव्हा गेली, किती काळ गेलेली होती, आणि केव्हा परत आली.

हे यंत्र आलं आणि गटारांच्या भिंती बोलायला लागल्या. सफाईला उतरून मेलेल्या माणसांबद्दल ठेकेदार इतकी वर्षं सांगत आले होते, की प्यालेला होता, पाय घसरला. भिंती म्हणाल्या, पाय घसरला नाही, आत हवाच नव्हती. जहाजांच्या टाक्या, बंद खाणी, विहिरी, सगळीकडची जुनी मरणं उकरून निघाली. काही ठेकेदारांनी म्हणे घाईघाईने गटारांना आतून सिमेंट फासायला सुरुवात केली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

माझ्या वकील नसीमा मुजावर यांनी ती बातमी वाचली आणि तडक बेलवलकर बाईंची प्रयोगशाळा गाठली. ते पेव पोलिसांनी तेव्हाच सील केलं होतं, त्यामुळे भिंत शाबूत होती. तिच्यात पहिल्या उघडण्याचा थर मिळाला. त्यावर, पावसाळाभर तोंड लिंपलेलं असतानाचा, हवा नसलेला जाड थर मिळाला. उरलेल्या हळदीला ओल लागली, बुरशी आली, बुरशीने आतली हवा खाल्ली आणि जड वायू तळाला साठून राहिला. धुरीच्या गोळ्या पडल्या असत्या तर भिंतीतले जिवाणूही मेले असते आणि थरांत रिकामी पट्टी राहिली असती. तशी पट्टी कुठेच नव्हती.

आमच्या सात पिढ्यांनी सूक्ष्म जीव मरू नयेत म्हणून पाणी गाळून प्यायलं. त्या सूक्ष्म जीवांनी शेवटी एका मगदुमाचे उपकार फेडले, असं मी मुजावर मॅडमना म्हटलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. हायकोर्टाने फेरखटल्याचा आदेश दिला.

पण फेरखटला उभा राहायच्या आधीच मॅडम एक प्रस्ताव घेऊन आल्या.

“नव्या कायद्यात तडजोड बसते,” त्या म्हणाल्या. “सरकार खुनाचं कलम सोडायला तयार आहे. तू फक्त काकांना जबर दुखापत केल्याचं कबूल करायचं. भान सुटलं, चूक झाली, माफी मागतो. तीन वर्षं भोगून झालीच आहेत. त्याच दिवशी सुटशील.”

“आणि निकालात काय येईल?”

“आईबाप अपघातात गेले, आणि वाचवायला निघालेल्या माणसाला तू अडवलंस.”

“म्हणजे तो माणूस वाचवू शकला असता.”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. “पार्श्व, एकोणीस वर्षांचा आहेस तू. आधी बाहेर ये. तत्त्वं बाहेर बसून पाळता येतात.”

“नाही.”

“विचार तरी कर.”

“केला की. नाही.”

“डोक्यात दगड भरलेत का रे तुझ्या?” त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की दारावरचा हवालदार डोकावला.

खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याकडे कारण असं नव्हतंच, नुसती खुन्नस होती. कारण नंतर काकांनीच आणून दिलं.

दशलक्षण पर्व संपलं की आमच्यात क्षमावणी असते. लहानांनी थोरांना, थोरांनी लहानांना हात जोडायचे आणि वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागायची. त्या दिवशी भांडलेले भाऊ बोलतात, रुसलेल्या सुना माहेराहून परत येतात. त्या दिवशी काका मला भेटायला आले. तीन वर्षांत पहिल्यांदा. काठी टेकत, पाय ओढत आले आणि समोर बसले. केस पार पांढरे झाले होते. मला ते पाहून वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

“आज दिवस चांगला हाय,” ते म्हणाले. “क्षमा माग. मी दिली म्हणून कोर्टात सांगतो. घरला चल. तुझी खोली काकूनं झाडून ठेवलीया.”

“थरवाचकाचा अहवाल वाचलात का काका?”

“वाचला.” त्यांची काठीवरची मूठ आवळली. “मी उतरलो असतो तर मीबी मेलो असतो म्हणं. माझा भाऊ हातभर लांब हुता माझ्यापास्नं. त्याचा सदरा दिसत हुता मला. आणि ते डबडं मला सांगणार, भरतेश, तुला काय बी करता आलं नसतं?”

तेव्हा मला एक गोष्ट लख्ख कळली. मी खुनी असणं काकांना हवं होतं. मी खुनी नसेन तर त्यांचा दादा त्यांच्या डोळ्यांदेखत, हातभर अंतरावर, नुसताच गेला होता, आणि हे त्यांना पेलवत नव्हतं. माझ्यावर रागावण्यात त्यांचा दिवस जात होता. हा राग काढून घेतला तर त्यांच्याकडे काय उरलं असतं?

“पेवं चालू आहेत?” मी विचारलं.

“चालू की. पोट हाय. आरू उतरती आता पोती भरायला. तुझ्यावाणी भित्री न्हाई ती.”

आरू म्हणजे आर्जवी, काकांची मुलगी. मी आत आलो तेव्हा ती सायकल शिकत होती आणि गुडघे फोडून घेत होती. आता ती सोळा वर्षांची होती.

“पुन्हा उघडलेल्या पेवातसुद्धा उतरते?”

“एकदा उघडलेलं पेव चावत न्हाई. तुझा आज्जा सांगून गेलाय.”

“कंदील तरी सोडत जा काका.”

“न्हाई सोडत.” त्यांनी काठीच्या मुठीवर नजर रोखली. “मी कंदील सोडला तर गाव म्हणंल, भरतेशनं पोराचं खरं मानलं.”

मी म्हटलं, “मग क्षमा तुम्ही मागा.”

“मी? कुणाची?”

“आरूची. आजच मागून ठेवा. नंतर ती ऐकायला नसायची.”

काकांनी काठी फरशीवर आपटली आणि निघून गेले. मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी पंचायतीला कळवलं, बेलवलकर बाईंनी स्वतः जाऊन चावडीवर सूचना लावली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर कुणीतरी कोळशाने लिहून ठेवलं, ‘खुन्याचा सल्ला’. मॅडमनी आरूला फोन केला तर ती म्हणाली, पप्पांच्या शब्दाबाहेर मी कशी जाऊ?

त्या दिवसापासून माझं ‘नाही’ म्हणजे नुसती खुन्नस राहिली नाही. मी माफी मागितली असती तर कोर्टाच्या शिक्क्यानिशी ठरलं असतं, की त्या दिवशी पेवात उतरणं म्हणजे वाचवणं होतं आणि अडवणं हा गुन्हा. मग माळावरच्या कुठल्या पेवात कंदील सुटला असता? मला सुटका नको होती असं नाही. मला सुटका एवढी हवी होती की स्वप्नात दरवाजे यायचे. पण ती असली नको होती.

कोर्टात आता लिहून घ्यायला माणूस नसतो. बोललेलं सगळं भिंतीवरच्या पडद्यावर आपोआप उमटतं, कोण बोललं त्या नावासकट. बेलवलकर बाईंची साक्ष संपेपर्यंत पडदा भरून वाहिला. मग सरकारी वकील घोरपडे उठले. गोड आवाजाचा माणूस.

“डॉक्टर, तुमचं यंत्र निर्दोष आहे असं मी मानून चालतो. आत हवा नव्हती, कबूल. पण आत हवा नाही हे बाहेरून दिसतं?”

“नाही.”

“वास येतो?”

“हळदीचाच येतो. या वायूला स्वतःचा वास नसतो.”

“आभारी आहे.” घोरपडे जजसाहेबांकडे वळले. “साहेब, अख्खं गाव या पेवात निर्धास्त उतरत होतं. दिसत नाही, वास येत नाही. आणि तरीही त्या सकाळी एका माणसाला पक्कं ठाऊक होतं की आत मरण आहे. त्याने चुलत्याला अडवलं ते त्याच ज्ञानाच्या जोरावर. मग चुलत्याच्या वेळी जे ठाऊक होतं ते आईच्या वेळी ठाऊक नव्हतं? आरोपीने गोळ्या टाकल्या नसतील. त्याने नुसतं गप्प राहून मारलं.”

मुजावर मॅडमचा चेहरा उतरला. ज्या यंत्राने मला वर ओढायचं, त्याच्याच दोरीने माझा गळा आवळला होता. युक्तिवाद इतका देखणा होता की दुसऱ्या कुणाचा खटला असता तर मी टाळी दिली असती.

जजसाहेबांनी मला विचारलं, “तुम्हाला यावर काही सांगायचंय?”

“हो,” मी म्हणालो. “मम्मी पडली तेव्हा मला वाटलं, तिचा पाय घसरला. पप्पा पडले तेव्हा कळलं. रोज उतरणारी दोन धडधाकट माणसं एकाच शिडीवरून, एकापाठोपाठ घसरत नाहीत. वकीलसाहेब विचारतात, मला कसं कळलं. मला माझ्या आईबापांनी शिकवलं. तेवढं शिकवायला त्यांना जीव द्यावा लागला. पुढच्या माणसाला ते समजावून सांगायला वेळ नव्हता, माझ्याकडे नुसती पहार होती.”

“म्हणजे चुलत्याचा पाय मोडल्याचा तुम्हाला पश्चात्ताप नाही?” घोरपडे म्हणाले.

“नाही. काका आत्ता उतरायला निघाले तर आत्ताही मारीन. तेव्हा घाईत एकच पाय मोडला, आता दोन्ही मोडीन.”

पडद्यावर ‘गोंधळ’ असं उमटलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. जजसाहेबांनी टेबलावर बोटं वाजवली आणि आवाज शांत झाल्यावर म्हणाले, “तडजोडीचा प्रस्ताव अजून उभा आहे. जरा शांतपणे विचार करा.”

“विचार झालाय साहेब. नाही.”

मग काकांना बोलावलं. तीच साक्ष, तेच शब्द. हातभर अंतर, सदरा, वर काढलं असतं, ह्यानं काढू दिलं न्हाई. शब्द झिजले होते, पण काकांचं दुखणं झिजलं नव्हतं. त्यांनी पिंजऱ्याच्या कठड्यावर हात ठेवले होते आणि मी त्या हातांकडे पाहत होतो. नखांत पिवळी चिखलमाती होती, अजून ओली. पेवाच्या तोंडाचं लिंपण फोडलं की नखांत अशीच माती बसते.

मी उभा राहिलो. “साहेब, एक गोष्ट मला स्वतःला विचारू द्या.”

घोरपड्यांनी हरकत घेतली. मॅडमनी माझी बाही ओढली. जजसाहेबांनी दोघांना हाताने थांबवलं आणि म्हणाले, “विचारा.”

“काका, आज सकाळी कुठलं पेव उघडलंत?”

“त्याचा हितं काय संबंध?”

“उत्तर द्या,” जजसाहेब म्हणाले.

“शेडच्या मागलं.”

“पहिल्यांदाच?”

“न्हाई. उन्हाळ्यात अर्धं काढलं हुतं. भाव पडला, झाकून टाकलं.”

“म्हणजे पावसाळाभर झाकलेलं. कंदील सोडला?”

काकांनी कठड्यावरचे हात खाली घेतले.

“आत कोण उतरणार आहे?”

पडद्यावर त्यांच्या नावापुढची जागा रिकामी राहिली. माझा आवाज चढला, मला तो आवरता आला नाही.

“काका, मी इथं अडकलोय. दोन्ही बाजूंना हवालदार आहेत. आज मला पहार घेऊन तिथं धावता येत नाही. सांगा, आज मी कुणाचा पाय मोडू?”

काकांनी बेलवलकर बाईंकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायाकडे. तीन वर्षं त्या माणसाने जे एका हाताने घट्ट धरून ठेवलं होतं ते त्याला सोडवत नव्हतं, आणि दुसऱ्या हाताला पोरगी होती.

“फोन,” ते म्हणाले. “फोन द्या कुणीतरी.”

घोरपडे काहीतरी बोलायला लागले, पण मुजावर मॅडम केव्हाच उठल्या होत्या. कोर्टात चालू फोन बाळगल्याबद्दल एरवी त्यांना दंड झाला असता. जजसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले. काकांनी नंबर सांगितला, मॅडमनी लावला. बराच वेळ नुसती घंटी वाजली. मग शेडवरच्या गड्याचा आवाज सगळ्या कोर्टाला ऐकू आला.

“बोला मालक.”

“आरू कुठं हाय?”

“पेवात उतरालीया की. शिडीवर हाय.”

“वर घे तिला!” काका ओरडले. “हात धरून वर वढ! तू आत वाकू नगंस! कुणी बी उतरू नगा, ऐकू आलं का, कुणी बी उतरायचं न्हाई!”

पलीकडे धावपळ, भांडं पडल्याचा आवाज, कुणाचं तरी ओरडणं. मी कठडा धरून उभा होतो. इतके दिवस माझ्या ज्या ‘नाही’ला मी हट्ट समजत होतो, ती खरं तर धास्ती होती, हे तेव्हा कळलं. मग एका पोरीचा चिडका आवाज आला.

“काय झालं हो पप्पा? आत्ता कुठं कमरेपर्यंत गेले होते. हात केवढ्यानं ओढला ह्यानं!”

त्यांनी फोन मॅडमच्या हातात दिला आणि पिंजऱ्यातच खाली बसले. साक्षीदार बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. हवालदार पाणी घेऊन धावला. मी रडत होतो, आणि या वेळी ते कुणी धरतं की नाही याची मला फिकीर नव्हती.

घोरपड्यांनी घसा साफ केला. आवाजातला गोडवा गेला होता. “साहेब, एका घाबरलेल्या बापाच्या फोनने काही सिद्ध होत नाही.”

“हुतंय.” काका कठड्याला धरून उठले. “हुतंय की. मी तीन वर्षं शपथ घिऊन सांगत आलो, उघडलेल्या पेवात कायबी हुत न्हाई. तसं असतं तर मी आत्ता का वरडलो? त्यानं मला मारलं नसतं, तर हा फोन करायला मी नसतो. लिवा ते.”

यंत्राने ते आधीच लिहिलं होतं. काकांनी मान वर करून पडद्यावर आपलं वाक्य वाचलं, ओठ हलवत, हळूहळू.

खुनाच्या कलमातून मी निर्दोष सुटलो तो निकाल पुढच्या तारखेला लागला. पण त्या दिवशी दुखापतीचं कलम अजून शिल्लक होतं, आणि जजसाहेब कायद्याला धरून चालणारे. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मला उभं केलं.

“साक्षीदाराची साक्ष बदलली तरी मारहाण झाली आहे हे खरं. या कलमापुरती माफी मागितलीत तर ते इथेच मिटवता येईल. काय म्हणता?”

मी तोंड उघडलं. त्याच्या आधी काका बोलले.

“मागू नगंस.”

“तुम्हाला विचारलेलं नाही,” जजसाहेब म्हणाले.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. काठी कठड्याला टेकवून ते मोडक्या पायावर भार देऊन उभे राहिले, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा नीट माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, “पार्श्व, मागायची न्हाई. कुणाच्याच बापाची मागायची न्हाई.”

मी मागितली नाही.